बांधलेली करंगळी

आमच्या टायपिंगच्या सरांनी माझा एकही कागद कधी पुढून वाचला नाही. मशीनमधून काढून दिला की ते तो उलटा करायचे, डोळे मिटायचे आणि अंगठ्याने त्याची पाठ चाचपायचे. अक्षरांचा मार सगळीकडे सारखा बसला आहे की नाही, हे त्यांना पाठीवरून कळायचं. "निफाडकर, डावी करंगळी उपाशी आहे का? एकही ए धड उमटलेला नाही," म्हणून कागद परत द्यायचे. पूर्णविरामाने भोक पडलं असेल तर विचारायचे, "कुणावर राग आहे?" एकदा मी खरोखरच घरी भांडून आलो होतो. कागदावरून त्यांना ते कळलं याची मला इतकी भीती वाटली की त्या दिवशी मी पुढचा कागद घातलाच नाही.

ते सगळ्यांना गावावरून हाक मारायचे. निफाडकर, सिन्नरकर, पिंपळगावकर. नाशिकमध्येच राहणाऱ्यांची पंचाईत व्हायची. त्यांना ते गल्लीवरून बोलवायचे. आमचं गाव निफाड नव्हे, निफाडपासून चार कोस आत. पण शाळा निफाडला झाली होती, म्हणून मीही ते नाव खपवून घेतलं.

इन्स्टिट्यूट अशोक स्तंभाजवळ होतं, सायकलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. अठरा मशीनं होती. दाराच्या चौकटीला सुतळीने एक नेलकटर बांधलेलं असायचं. नखं दाखवल्याशिवाय आत प्रवेश नाही. एकदा मेन रोडवरची एक मुलगी त्यांच्याशी वाद घालत उभी होती.

"सर, पुढच्या आठवड्यात माझं लग्न आहे हो. एवढी नखं राहू द्या ना."

"मग लग्नानंतर ये. मशीन कुठं पळून चाललंय?"

ती तणतणत गेली. लग्नानंतर पंधरा दिवसांनी हिरव्या चुड्यासकट आणि नखं कापून परत आली. सरांनी हात पाहिले आणि तिच्या मशीनवरचं कापड स्वतः काढून दिलं. त्यांच्या लेखी तेच अभिनंदन.

शिकवताना ते आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहायचे. अठरा मशीनांच्या खडखडाटात कोण चुकलं हे त्यांना ऐकू यायचं. चूक झाली की रबर वापरायचं नाही. कागद काढायचा, नवा घालायचा, पहिल्यापासून सुरुवात. आम्ही कुरकुर केली तर म्हणायचे, "खोडायची सोय असली की बोटं बेफिकीर होतात." घंटीबद्दल तर त्यांचं एक शास्त्रच होतं. ओळ संपत आली की टाइपरायटरची घंटी वाजते. मग हातातला शब्द पुरा करायचा आणि डाव्या हाताने कागद धरणारं कॅरेज ढकलून नव्या ओळीवर यायचं. "घंटीच्या आधी थांबतो तो आळशी, घंटीनंतर रेटतो तो लोभी," असं ते म्हणायचे, आणि हे सांगताना त्यांचा डावा हात आपोआप हवेत एक कॅरेज ढकलायचा.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी कॉलेजसाठी नाशिकला यायचो. आमच्या घरात मॅट्रिक ओलांडलेला मी पहिला. वडिलांना सही येत नव्हती. गावाकडून पहाटे निघणारी एस.टी. मला साडेसहाला सी.बी.एस.च्या बसस्टँडवर सोडायची. क्लास सातला उघडायचा आणि सातची बॅच भरलेली होती. मी पुढच्या बॅचची वाट बघत जिन्यात बसून राहायचो. तिसऱ्या दिवशी सर मला ओलांडून वर गेले, कुलूप काढलं आणि वरून ओरडले, "जिन्यात बसून टायपिंग येत नाही, वर ये." दुसऱ्या दिवसापासून ते अर्धा तास लवकर यायला लागले. दोन वर्षं. मी एकदा आभार मानायला गेलो तर म्हणाले, "घरी झोप लागत नाही मला. तू मध्ये बोलू नको, पुढची ओळ घे."

माझी मिनिटाला चाळीस शब्दांची इंग्रजी टायपिंगची परीक्षा झाली, पदवी झाली आणि सातपूरच्या एका कारखान्यात टायपिस्टची नोकरी लागली. वडील द्राक्षांची पाटी डोक्यावर घेऊन सरांना भेटायला आले. जिना चढून आल्यावर "साहेब, पोराचं लय केलं तुम्ही," एवढंच म्हणाले. सरांनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, बोटं उलटसुलट करून पाहिली आणि मला म्हणाले, "तुझ्यापेक्षा तुझ्या वडिलांची करंगळी चांगली आहे. लहानपणी माझ्याकडे यायला हवे होते." वडील हे वाक्य मरेपर्यंत लोकांना सांगत होते.

पुढे आठनऊ वर्षांनी आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आले. आम्ही पाच टायपिस्ट होतो. साहेबांनी सांगितलं की वर्ड प्रोसेसिंगची दुसरी पातळी जो पास होईल तो ऑफिसात राहील, बाकीचे स्टोअरमध्ये जातील. पहिली पातळी कारखान्यातच उरकली होती. पत्र टाइप करायचं, फ्लॉपीवर ठेवायचं, छापायचं. दुसऱ्या पातळीत मजकूर इकडचा तिकडे हलवणं, समास बदलणं, तक्ते आखणं, एकच पत्र पन्नास नावांना काढणं असं बरंच काही होतं. क्लास शोधत गेलो तर तो आमच्याच इन्स्टिट्यूटमध्ये निघाला.

जिना तोच होता. वर मात्र काचेची भिंत घालून एक खोली केली होती. आत एअरकंडिशनर, खाली गालिचा, बारा कॉम्प्युटर. बाहेर पाटी: चपला बाहेर काढा. टाइपरायटर दहाबारा विकले होते, उरलेले भिंतीकडेला मांडले होते. इन्स्टिट्यूटचे जुने मालक वारले होते आणि त्यांचा मुलगा सगळं पाहत होता. मला वाटलं, आत सर शिकवत असतील. मी काचेतून पाहिलं. फळ्याशी तेवीसचोवीस वर्षांची एक मॅडम उभी होती. सर शेवटच्या खुर्चीत होते, विद्यार्थ्यांमध्ये. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

"बस, निफाडकर," ते म्हणाले. "नखं बघू."

मला हसू आलं. मी हात पुढे केले. त्यांनी ते पाहिले नाहीत. त्यांचं लक्ष पडद्याकडे होतं. हिरव्या अक्षरांकडे ते असे बघत होते जसं कुणी घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं.

चहाच्या वेळी मला कळलं. मालकाच्या मुलाने त्यांना सांगितलं होतं, "सर, टायपिंगच्या बॅचेस मार्चनंतर बंद. तुम्ही दुसरी पातळी पास व्हा, कॉम्प्युटरची सकाळची बॅच तुम्हालाच देतो. मॅडम दोन्ही वेळा येऊ शकत नाहीत." हे तो मनापासून बोलला होता. वाईट माणूस नव्हता तो. सरांचं वय तेव्हा चोपन्न. तीस वर्षं त्यांनी त्या खोलीबाहेर कुठेही नोकरी केली नव्हती.

"पास होणारच तुम्ही," मी म्हणालो. "तुमच्याएवढा वेग कुणाला आहे इथं?"

"वेग आहे," ते म्हणाले. "पण मला एक सांग. ओळ संपली हे मला कोण सांगणार?"

सगळं तिथंच अडलेलं होतं. कॉम्प्युटरवर ओळ संपली की शब्द आपोआप खालच्या ओळीवर जातो. टाइप करणाऱ्याने तिकडे बघायचंही नसतं. एंटरचं बटण फक्त परिच्छेद संपल्यावर दाबायचं. आम्ही सगळेच टायपिस्ट पहिले चार दिवस दर ओळीला एंटर दाबत होतो आणि मॅडम आमच्यावर हसत होत्या. मग आमची सवय सुटली. सरांची सुटली नाही. ते मनात अक्षरं मोजायचे. पासष्ट झाली की त्यांच्यापुरती घंटी वाजायची आणि उजवी करंगळी एंटरवर पडायची. तिच्याबरोबर डावा हातही किंचित उचलला जायचा.

मॅडम त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहायच्या. "सर, एंटर दाबू नका हो. ओळ आपोआप खाली जाते."

"आपोआप म्हणजे कोण नेतं?"

"मशीन नेतं, सर."

"मॅडम, शब्द तोडायचा की पुरा करायचा हे टाइप करणाऱ्याने ठरवायचं असतं. मशीन कसं ठरवेल?"

"अहो, ठरवतं ना. तुम्ही हात तर सोडून बघा."

"बघतो," ते आज्ञाधारकपणे म्हणायचे. आणि पासष्टाव्या अक्षराला करंगळी पडायची.

वरवर पाहता त्यात काही बिघडत नव्हतं. त्यांचं पान छापून आलं की आमच्या सगळ्यांच्यापेक्षा देखणं असायचं. पण त्यात एखादा शब्द नव्याने घातला किंवा समास अलीकडे घेतला की सगळं फुटायचं. एक ओळ लांब, तिच्याखाली दोनच शब्द, पुन्हा लांब, पुन्हा दोन शब्द. उसवलेल्या शिवणीसारखं पान दिसायचं. ते दुरुस्त करायला प्रत्येक ओळीच्या शेवटी जाऊन तो एंटर काढावा लागायचा. सर तसं करत नव्हते. ते अख्खं पान पुसून पहिल्यापासून टाइप करायचे, तेही इतक्या वेगाने की मॅडम फळ्याकडून परत येईपर्यंत नवं पान तयार. फक्त दर ओळीला पुन्हा एंटर.

एकदा प्रिंटरमधून त्यांचा कागद आला तेव्हा त्यांनी तो सवयीने उलटा करून चाचपला. बराच वेळ चाचपत होते. मग माझ्याकडे दिला. "हात लाव. काही लागतंय?" सुयांच्या प्रिंटरचा मार अगदी हलका, बारीक खसखशीसारखा. मी म्हटलं, "थोडं लागतंय, सर." ते म्हणाले, "मी दाबलेला ए आणि तू दाबलेला ए इथं सारखाच. मग मी तुला दोन वर्षं काय शिकवलं?"

मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही फार विचार करता." ते खरंही असेल.

परीक्षेला तीन आठवडे उरले तेव्हा ते मला म्हणाले, "रविवारी येशील?" मी सातपूरहून बसने यायचो. कॉम्प्युटरची खोली बंद असायची, म्हणून आम्ही बाहेरच्या बाकावर बसायचो. मी वाचायचो आणि ते लाकडावर बोटं चालवायचे. तिथंही पासष्टला करंगळी खाली यायची. शेवटी तेच म्हणाले, "बांध."

"काय?"

"करंगळी. शेजारच्या बोटाला बांध. पडायला नको आणि उठायलाही नको."

ज्या माणसाने शेकडो पोरांची झोपलेली करंगळी जागी केली, त्याची करंगळी मी माझ्या रुमालाने अनामिकेला बांधली. गाठ मारताना ते मला रागावले, "घट्ट! एवढी सैल गाठ कशाला ठेवतोस?" पहिल्या रविवारी ते चुकले. दुसऱ्या रविवारी अख्खा परिच्छेद न थांबता गेला. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा पहिल्यांदाच भीती पाहिली, आनंद नव्हे. "घंटी वाजलीच नाही रे," ते म्हणाले. "विहिरीत पाय सोडल्यासारखं वाटतं."

वर्गात ते तशीच करंगळी बांधून बसू लागले. कॉलेजची दोन पोरं कुजबुजली, "सरांना मलमपट्टी कुणी केली?" सरांना ऐकू गेलं. त्यांनी मान वर केली नाही. पण पान नीट आलं. समास बदलला तरी फुटलं नाही. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मी त्या दिवशी घरी पेढे नेले. बायकोने विचारलं, "तुमचा निकाल लागला का?" मी म्हणालो, "लागल्यात जमा."

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. सफारी घातलेले, शांत गृहस्थ. बारा जण परीक्षेला बसलो होतो. प्रश्नपत्रिका वाटताना ते आमच्याजवळ थांबले.

"हे काय बांधलंय?"

"करंगळी बांधली आहे," सर म्हणाले.

"लागलंय का?"

लागलंय, एवढा एक शब्द पुरला असता. सरांनी मान हलवली. "नाही. सवय मोडायला."

परीक्षक हसले नाहीत. "अशी परीक्षा देता येणार नाही. बाहेरची मदत नाही चालत. कुणी बांधली ही गाठ?"

उजव्या हाताची बोटं डाव्या हाताने अशी बांधता येत नाहीत. ते कुणालाही दिसत होतं. परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. मला स्टोअरचं गोदाम दिसलं, माझी सहा महिन्यांची मुलगी दिसली. मी उठून सांगायला हवं होतं की साहेब, मी बांधली, यात मदत कसली, मला हवी ती शिक्षा द्या पण गाठ राहू द्या. मी पडद्याकडे बघत राहिलो.

"मीच बांधली," सर म्हणाले. आणि दातांनी गाठ सोडून त्यांनी रुमाल खिशात घातला.

पुढचा दीड तास मी माझं काम केलं. मला शेजारून आवाज ऐकू येत होता. कॉम्प्युटरची बटणं फारशी वाजत नाहीत, पण एंटरचा आवाज ओळखू येतो. तो ठरलेल्या अंतराने येत होता. मी मनात म्हणत होतो, थांबा, सर, थांबा. मग समास बदलायचा प्रश्न आला आणि त्यांचं पान फुटलं. मी तिरक्या नजरेने पाहिलं. त्यांनी क्षणभर हात मांडीवर ठेवले. मग पान पुसलं आणि नव्या समासाने अख्खं पहिल्यापासून टाइप केलं. वेळ संपायच्या आधी संपवलंसुद्धा.

परीक्षकांनी त्यांचा छापलेला कागद हातात घेतला आणि कौतुकाने पाहिला. "सुंदर. एकही चूक नाही." मग ते खुर्चीवर वाकले, समास दोन अक्षरांनी अलीकडे घेतला आणि पडदा सरांकडे वळवला. पान पुन्हा फुटलं होतं.

"हे टायपिंग झालं," परीक्षक हळूच म्हणाले. "उत्तम टायपिंग. पण आपण परीक्षा वर्ड प्रोसेसिंगची घेतोय."

"बरोबर आहे," सर म्हणाले.

अकरा जण पास झाले.

निकालानंतर मी पंधरा दिवस तिकडे फिरकलो नाही. कारखान्याने प्रमाणपत्र मागितलं म्हणून जावं लागलं. शनिवारची दुपार होती. काचेच्या खोलीत मॅडमचा वर्ग चालू होता. सर बाहेर एका टेबलाशी टाइपरायटर घेऊन बसले होते. प्रमाणपत्रं जाड कागदावर छापून आली होती. तो कागद प्रिंटर घेईना, मध्येच अडकून चुरगळायचा. म्हणून पास झालेल्यांची नावं टाइप करायचं काम मालकाच्या मुलाने त्यांच्याकडे दिलं होतं.

"ये," ते म्हणाले. "तुझंच राहिलं होतं."

मी उभाच राहिलो. "सर, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"पूर्ण नाव सांग. मधलं, वडिलांचं नाव कसं लिहितोस?"

मी सांगितलं. त्यांनी अक्षरं मोजली, त्यांचे दोन भाग केले, कॅरेज मध्यावर आणून तितकी घरं मागे घेतलं आणि माझं नाव टाइप केलं. दोन्ही बाजूंना सारखी जागा राहिली. मी पुन्हा म्हणालो, "सर, मी..."

"तुझी मुलगी किती महिन्यांची झाली?" त्यांनी विचारलं.

"सात."

"मग बोलला नाहीस ते ठीक झालं," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

प्रमाणपत्रावर खाली उजवीकडे प्रशिक्षकाच्या सहीची जागा होती. "सही मॅडमची लागते," म्हणून ते उठले. दाराशी त्यांनी चपला काढल्या आणि काचेचं दार ढकलून आत गेले. मॅडम एका मुलाला काही दाखवत होत्या. सर मध्ये बोलले नाहीत. गालिच्यावर अनवाणी उभे राहून, माझा कागद दोन्ही हातांनी कडेला धरून, त्यांचं संपायची वाट बघत राहिले. चारपाच मिनिटं तरी गेली असतील. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

त्या कागदावर मी पुढे बावीस वर्षं नोकरी केली, मुलीला शिकवलं, घर बांधलं. सर मार्चनंतर तिथं दिसले नाहीत. कुणी म्हणे बहिणीकडे गेले, कुणी आणखी काही म्हणे. मी फारशी चौकशी केली नाही. काय विचारणार होतो? पण काचेपलीकडे उभे असलेले ते मला अजून दिसतात, आणि प्रत्येक वेळी माझ्या लक्षात येतं की त्या चारपाच मिनिटांत मी आत जाऊन तो कागद त्यांच्या हातातून घेऊ शकलो असतो. माझ्या कागदावरची मॅडमची सही मला आणता आली असती. मी बाहेर, माझ्या चपला पायात ठेवून, उभा होतो.